राजवाड्यातील चोरी आणि जगाचा चोरबाजार

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयातून २००५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एक छापील ग्रंथ नाहीसा झाला. बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग ह्या मिशनऱ्याने केलेले व तरंगंबाडीच्या छापखान्यात १७१५ साली छापून पुरे झालेले बायबलच्या नव्या कराराचे ते तमिळ भाषांतर होते. त्यावर सरफोजी राजे भोसले, दुसरे, यांची स्वाक्षरी होती. १० ऑक्टोबर रोजी तंजावरच्या पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदविण्यात आली. पुढे तपास लागत नाही असे म्हणून ती बंद करण्यात आली. २०१७ साली तामिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी प्रतिबंधक शाखेने हे प्रकरण पुन्हा हाती घेतले, आणि जुलै २०२२ मध्ये ह्या शाखेने जाहीर केले की, तो ग्रंथ लंडनच्या ‘किंग्ज कलेक्शन’ ह्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आढळला आहे. त्याच सुमारास तिने आणखी एक शोध जाहीर केला. सरफोजी राजे व त्यांचे पुत्र शिवाजी राजे यांचे सरस्वती महालातील एक जुने चित्र अमेरिकेतील सेलम येथील पीबडी एसेक्स संग्रहालयाने २००६ साली न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर ह्या व्यापाऱ्याकडून ३५,००० डॉलर्सना विकत घेतले होते. त्या मालाच्या पूर्वमालकीचे कागद खोटे असल्याचे पुढे उघडकीस आले व २०१५ साली ते चित्र अमेरिकन सरकारच्या हवाली करण्यात आले.

ह्या दोन्ही घटनांत सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट चोरी ही नव्हे. चोरी सर्वत्र होते. विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, राजवाड्यातून गेलेल्या वस्तू कोणत्याही भुयारात दडविलेल्या नव्हत्या. एक संग्रहालयाच्या दप्तरी रीतसर विकत घेतलेली होती. दुसरी संगणकाच्या पडद्यावर, साऱ्या जगास दिसेल अशी मांडलेली असल्याचे पोलिसांनी सांगितले. चोरीचा माल उजेडात उभा होता आणि कायदा अंधारात चाचपडत होता. असे का व्हावे, ह्या प्रश्नाचा विचार केल्याखेरीज संगणकावरील बेकायदेशीर बाजारपेठांविषयी आज जी ओरड चालली आहे तिचा अर्थ उमगणार नाही.

अंधारातील बाजार व उजेडातील बाजार

अशा बाजारपेठा म्हटल्या की वर्तमानपत्रे एकच चित्र रंगवितात: गुप्त जाळे, टोपणनावे, मादक द्रव्ये, शस्त्रे. हे चित्र खोटे नाही. २०११ साली सुरू झालेली ‘सिल्क रोड’ ही बाजारपेठ अशीच होती. घेणाऱ्यास विकणाऱ्याचा पत्ता ठाऊक नसे. पैसा बिटकॉइनच्या रूपाने फिरे. माल हाती पडेपर्यंत ती रक्कम बाजार चालविणाऱ्याकडे अनामत राही. आणि प्रत्येक व्यवहारानंतर ग्राहक विक्रेत्यास गुण देई. म्हणजे कायद्याचा आधार नसताना अनोळखी माणसांत विश्वास निर्माण करण्याची ही यंत्रणा होती, आणि त्या विश्वासाचे कमिशन चालक घेत असे. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकन पोलिसांनी ती बंद पाडली. २०१७ साली डच पोलिसांनी ‘हान्सा’ नावाची दुसरी पेठ ताब्यात घेऊन सुमारे महिनाभर स्वतःच चालविली व गिऱ्हाइकांची माहिती गोळा केली. २०२२ साली जर्मन पोलिसांनी ‘हायड्रा’ ही पेठ मोडली. प्रत्येक वेळी एक पेठ मोडली आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेले; कारण मागणी जागच्या जागी होती. ‘सिल्क रोड’च्या संस्थापकास २०१५ साली जन्मठेप झाली, परंतु जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यास माफी दिली. अमेरिकेचे तुरुंग अमली पदार्थांच्या किरकोळ गुन्ह्यांसाठी डांबलेल्या गरिबांनी भरलेले असताना बाजाराचा मालक मात्र सुटला, ही गोष्ट आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावी.

परंतु प्राचीन वस्तूंच्या बाजाराला ह्या अंधाराचीही गरज पडत नाही. मादक द्रव्य जन्मतःच बेकायदेशीर असते. ते घरात ठेवणे हाच गुन्हा. मूर्तीचे, चित्राचे, पोथीचे तसे नाही. तीच वस्तू वडिलोपार्जित असेल तर कायदेशीर, चोरलेली असेल तर बेकायदेशीर; आणि दोहोंमधील अंतर केवळ एका कागदाचे. तो कागद बनविता आला की चोर व्यापारी होतो आणि लूट ‘संग्रह’ बनते.

तामिळनाडूने ह्या धंद्याची पद्धत अनेकदा पाहिली आहे. तंजावर भागातील शिवपुरम् येथील नटराजाची मूर्ती गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात दुरुस्तीसाठी म्हणून नेण्यात आली व देवळात परत आली ती नक्कल. अस्सल मूर्ती अमेरिकेतील नॉर्टन सायमन यांच्या संस्थेने १९७३ साली ९ लाख डॉलर्सना घेतली. ती १९८६ साली परत मिळाली. पत्तूर येथे १९७६ साली एका मजुरास जमिनीत नटराज सापडला. त्याच्या हाती क्षुल्लक रक्कम पडली. कॅनडातील एका कंपनीने त्याच मूर्तीसाठी अडीच लाख पौंड मोजले. लंडनच्या न्यायालयात वर्षानुवर्षे खटला लढवून १९९१ साली ती परत आणावी लागली. खणणारा मजूर, गावचा दलाल, निर्यातदार, परदेशी विक्रेता, लिलावगृह आणि शेवटी कोट्यधीश संग्राहक, अशी ही साखळी आहे. तीत धोका सर्वांत खालच्या माणसाच्या वाट्याला येतो आणि नफा सर्वांत वरच्या. सुभाष कपूरच्या टोळीने तर नवीन नकली मूर्तींसाठी मिळविलेल्या परवान्यांच्या आडून अस्सल मूर्ती ‘हस्तकला’ म्हणून बाहेर पाठविल्या. श्रीपुरंदानचा नटराज २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ५० लाख डॉलर्सना घेतला आणि २०१४ साली परत केला. कपूर यास २०११ साली जर्मनीत अटक झाली, २०१२ साली भारताच्या स्वाधीन करण्यात आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली. पहिल्या चोरीपासून शिक्षेपर्यंत दशकाहून अधिक काळ लोटला.

संगणकाने ह्या साखळीत काय बदलले? मोठ्या मूर्तीला आजही जहाज लागते. परंतु नाणे, लघुचित्र, ताडपत्र, पोथीचे पान ह्यांना टपालाचे पाकीट पुरते. जी वस्तू पूर्वी मुंबईच्या चोरबाजारातील एखाद्या अंधाऱ्या दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहात पडून राही, तिचे छायाचित्र आज क्षणात दहा देशांत पोहोचते. पोथी एकसंध विकली तर ती ओळखू येण्याची भीती. म्हणून पाने सुटी करून एकेक विकतात. ज्या पानावर लेखकाचे, गावाचे वा शकाचे नाव आहे ते बाजूला पडले की उरलेली पाने निनावी होतात. २०१९ साली अभ्यासकांनी फेसबुकवर अशा व्यापाराचे ९५ अरबी गट मोजले, त्यांच्या सभासदांची संख्या २० लाखांच्या घरात होती. ज्या इराकमध्ये अमेरिकन फौजांच्या डोळ्यांदेखत २००३ साली बगदादच्या संग्रहालयातील सुमारे १५,००० वस्तू लुटल्या गेल्या, त्याच प्रदेशातील हा व्यापार. त्या कंपनीने अशा विक्रीवर बंदी घातली ती जून २०२० मध्ये. तोवर तिने त्या गर्दीला जाहिराती दाखवून पैसा केलाच होता.

पोलिसांचे हात कोठे बांधलेले आहेत?

चोरबाजारातील दुकानाला दार असते. पोलीस त्या दारात उभा राहू शकतो. येथे दार नाही. चोर तंजावरला, विक्रेता न्यूयॉर्कला, ग्राहक सिडनीला आणि ज्या यंत्रावर जाहिरात साठविली ते चौथ्या देशात. तपासी अधिकाऱ्याने माहिती मागावयाची म्हणजे परराष्ट्र खात्यामार्फत पत्रे जावयास हवीत. तोवर जाहिरात पुसली जाते. ही अडचण खरी आहे, परंतु ती दुय्यम आहे. मुख्य अडचण कायद्याच्या वर्गीय रचनेत आहे.

पहिली गोष्ट, बाजारपेठेची मालकी असलेल्या कंपनीची जबाबदारी. २००४ साली ‘बाझी डॉट कॉम’ ह्या भारतीय संकेतस्थळावर एक बेकायदेशीर चित्रफीत विक्रीस आली, तिच्या प्रमुखास अटक झाली आणि उद्योगजगतात एकच गहजब उडाला. २००८ साली माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती करून अशा ‘मध्यस्थां’ना व्यापक संरक्षण देण्यात आले. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश मिळाल्याखेरीज मध्यस्थास मजकूर काढण्यास भाग पाडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले. नागरिकांच्या भाषणस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे आणि आम्ही त्याचे समर्थन करतो. परंतु मत मांडणे वेगळे आणि माल विकणे वेगळे. प्रत्येक विक्रीवर दलाली घेणाऱ्या कंपनीने भाषणस्वातंत्र्याचे पांघरूण घेऊन दुकानदाराची जबाबदारी टाळावी, हे कोणत्याही न्यायबुद्धीस पटणारे नाही. हे अशक्य आहे असेही नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ साली ईबेने तेथील सरकारी संस्कृती खात्याशी सहकार्य करून, कायदेशीरपणाचा अधिकृत पुरावा असल्याखेरीज पुरातत्त्वीय वस्तू विकावयाच्या नाहीत, असा नियम लागू केला. जे तेथे झाले ते येथे का होऊ नये?

दुसरी गोष्ट, आंतरराष्ट्रीय कायदा. १९७० चा युनेस्कोचा करार भारताने १९७७ साली मान्य केला. त्यातील दोन तरतुदी पाहाव्यात. चोरीची वस्तू परत मागता येते, पण ती संबंधित संस्थेच्या सूचीत नोंदलेली असेल तर. आणि ज्याने ती ‘निष्पापपणे’ विकत घेतली त्यास मागणाऱ्या देशाने भरपाई द्यावयाची. म्हणजे ज्याचे घर फुटले त्यानेच पावती दाखवावी आणि वर पैसेही मोजावेत! १९९५ च्या युनिड्रॉइट कराराने चोरीचा माल ताब्यात असणाऱ्याने तो परत केलाच पाहिजे, असे अधिक कडक तत्त्व सांगितले. परंतु हा माल जेथे सर्वाधिक विकला जातो ते अमेरिका व ब्रिटन हे देश त्या कराराबाहेर राहिले, आणि भारतही बाहेरच राहिला.

ह्या रचनेचा उगम तंजावरकरांना तरी परका नसावा. १८५५ साली राजे शिवाजी पुरुषवारस न ठेवता निधन पावले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने संस्थानाबरोबर राजवाड्यातील खाजगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या; मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. जप्ती ही ‘राज्याची कृती’ आहे, म्हणून न्यायालयास तिच्यात हात घालता येत नाही, असे कारण दिले. सामान्य चोराची चोरी हा गुन्हा आणि साम्राज्याची चोरी ही राज्यकृती! मार्क्सने वसाहतींच्या लुटीला भांडवलाच्या आद्य संचयाचा एक भाग मानले ते उगाच नव्हे. लंडन आणि न्यूयॉर्कच्या लिलावगृहांचा पाया त्याच काळात घातला गेला. संगणकाने त्यावर केवळ एक मजला चढविला आहे.

ज्याची नोंद नाही त्याची चोरीही नाही

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. तामिळनाडूच्या मूर्ती जेव्हा जेव्हा परत आल्या तेव्हा बहुधा एकाच पुराव्याच्या बळावर आल्या. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५६ पासून देवळादेवळांतून घेतलेली छायाचित्रे हा तो पुरावा. मूर्तीवरची एक चीर, हाताचा एक तुटका भाग छायाचित्राशी जुळला आणि कोट्यवधींचे बनावट कागद निकामी झाले. सरफोजींच्या ग्रंथाचा माग काढता आला त्याचे कारणही तेच: त्यावर स्वाक्षरी होती, तो संग्रहालयाच्या नोंदीत होता, भेटीस येणाऱ्यांची वही ठेवलेली होती. पोलिसांची काठी जेथे पोहोचत नाही तेथे ग्रंथपालाची वही पोहोचते.

मग ज्या वस्तूंची नोंदच नाही त्यांचे काय? संसदेच्या स्थायी समितीने जुलै २०२३ मध्ये वारसाचोरीवरील अहवालात दिलेला आकडा सत्ताधाऱ्यांच्या तोंडावर फेकण्याजोगा आहे. देशात अंदाजे ५८ लाख प्राचीन वस्तू. त्यांपैकी नोंद झाली सुमारे १६.८ लाखांची. हे काम करण्यासाठी राष्ट्रीय मोहीम २००७ साली स्थापन झाली होती. म्हणजे दहांपैकी सात वस्तू अशा आहेत की, त्या उद्या एखाद्या पडद्यावर विक्रीस आल्या तर त्या आपल्या आहेत हे सिद्ध करण्यास आपल्यापाशी चिठोरेही नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, १९७२ चा प्राचीन वस्तूंविषयीचा कायदा ७५ वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितास संरक्षण देतो खरा, परंतु सक्तीची नोंदणी आहे ती मूर्ती, चित्रे आणि चित्रे असलेल्या हस्तलिखितांची. साधा लिहिलेला कागद त्यातून सुटतो.

मराठी वाचकाला येथे आपल्या घराची आठवण व्हावी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. तो दगड कोणी उचलून नेणार नाही. परंतु त्याच राज्याचे रोजचे जीवन मोडी लिपीतील कागदांच्या बाडांत आहे. हिशेब, तक्रारी, सनदा, मजुरी, धान्याचे भाव ह्या साऱ्यांची नोंद त्यांत आहे. दगडावर राजाची वंशावळ असते. कागदावर रयतेचा इतिहास असतो. राजवाड्यातील संस्कृत पोथ्यांची सूची बर्नेल ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० साली प्रसिद्ध केली; हे ग्रंथभांडार १९१८ साली सार्वजनिक झाले. परंतु मोडी वाचणारी माणसे तंजावरात काय आणि पुण्यात काय, विरळ होत चालली आहेत. राजवाड्यांनी आणि त्यांच्या पिढीच्या संशोधकांनी वाड्यावाड्यांतून वाण्याच्या पुड्यांना जाणारे कागद वाचविले. आज तेच कागद पुड्यांसाठी जात नाहीत. ‘जुने मोडी पत्र, उत्तम स्थितीत’ अशा मथळ्याखाली विकावयास पुरेसे मोलाचे झाले आहेत. त्यांतील एखादे नाहीसे झाले तर फिर्याद कोण देणार? ज्याची नोंद नाही त्याची चोरीही होत नाही.

ह्या परिस्थितीवर राज्यकर्त्यांचा उपाय काय? विमानातून उतरणाऱ्या मूर्तींसमवेत छायाचित्रे काढून घेणे, आणि बाजारात ग्राहक म्हणून उभे राहणे. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या सोदबीज लिलावात आली. महाराष्ट्र सरकारने ती मध्यस्थामार्फत ४७.१५ लाख रुपयांना घेतली. पिप्राहवा येथे १८९८ साली खणून काढलेली बौद्ध रत्ने त्याच लिलावगृहाने मे २०२५ मध्ये विक्रीस काढली. भारत सरकारने नोटीस दिल्यावर लिलाव थांबला खरा, परंतु जुलैमध्ये ती परत आली ती गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतल्यानंतर. वस्तू घरी आल्या ह्याचा आनंद आम्हालाही आहे. परंतु प्रत्येक अशी खरेदी लिलावगृहास एकच संदेश देते: माल आणा, गिऱ्हाईक तयार आहे. दुसरीकडे काही व्यापारी मंडळी म्हणतात की, १९७२ चा कायदाच सैल करा, खुला बाजार आला की चोरटा बाजार आपोआप संपेल. लंडन व न्यूयॉर्कला खुला बाजार असताना चोरीचा माल नेमका तेथेच का जातो, ह्याचे उत्तर त्यांनी द्यावे.

वारसा हा शब्द आज जातीय राजकारणाच्या तोंडी फार आहे. सरस्वती महालातील तो ग्रंथ त्यांना अडचणीचा वाटेल: मराठी राजाच्या ग्रंथालयात, तमिळ भाषेत, डॅनिश वसाहतीत छापलेले ख्रिस्ती पुस्तक. परंतु ह्या देशाची संस्कृती अशीच घडली आहे आणि ती अशीच राखावयाची आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सरस्वती महालापासून जिल्ह्याच्या नगर वाचनालयापर्यंत प्रत्येक सार्वजनिक संग्रहाची छायाचित्रांसह सूची सरकारी खर्चाने करावी, ती जनतेस खुली ठेवावी आणि हे काम ठेकेदारी पद्धतीने न देता कायम, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे सोपवावे. मोडी शिकलेल्या तरुणांना त्यात प्रथम स्थान द्यावे. चित्रे नसलेली हस्तलिखिते व दप्तरे नोंदणीच्या कक्षेत आणावीत. प्राचीन वस्तू विक्रीस मांडणाऱ्या कंपनीने नोंदणी क्रमांक व विक्रेत्याची ओळख ह्यांखेरीज जाहिरात स्वीकारू नये, आणि वस्तू कायदेशीर असल्याचा पुरावा देण्याचा भार विकणाऱ्यावर असावा. बेकायदेशीर निर्यातीस आज सहा महिने ते तीन वर्षे एवढीच शिक्षा आहे. ती नफ्याच्या प्रमाणात वाढवावी. भारताने युनिड्रॉइट करारात सामील व्हावे आणि ‘निष्पाप’ खरेदीदाराच्या भरपाईची अट बदलण्यासाठी इतर लुटल्या गेलेल्या देशांसह लढा द्यावा. आणि ह्या निमित्ताने नागरिकांच्या खाजगी पत्रव्यवहारावर पाळत ठेवण्याचे नवे अधिकार सरकारने मागू नयेत. तंजावरचा ग्रंथ खाजगी पत्रात नव्हे, उघड्या पडद्यावर सापडला.

कायदा होईल तेव्हा होईल. कॉम्रेड्सनी त्याची वाट पाहात बसू नये. आपल्या गावी वाचनालय आहे, जुने देऊळ आहे, एखाद्या वाड्याच्या माळ्यावर रुमालांत बांधलेली दप्तरे आहेत. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटना, शिक्षक आणि विद्यार्थी ह्यांना बरोबर घेऊन त्यांच्या याद्या करणे, छायाचित्रे काढून ठेवणे आणि ती यादी सार्वजनिक संस्थेच्या हाती देणे, हे आजच सुरू करता येण्यासारखे काम आहे. शेतकऱ्याने सातबाऱ्यासाठी लढा दिला, कारण कागदावर नाव असल्याखेरीज कसणाऱ्याची जमीन त्याची राहात नाही. जनतेच्या इतिहासाचेही तसेच आहे. त्याचाही सातबारा जनतेच्या नावे लागला पाहिजे.